मिरची चालेल, सूर्यफूल आवरा

प्रश्न : आमच्या घरी दोन वर्षांची कॉकटेलची मादी आहे. वाटीतल्या मिक्स सीडमधलं सूर्यफूल तेवढं ती वेचून खाते आणि बाकीचं पिंजऱ्याबाहेर उडवते. आजीनं दिलेली हिरवी मिरची मात्र आवडीनं कुरतडते. तिला तिखट लागत नाही का? आणि तिला रोज खायला नेमकं काय द्यावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही, तिला तिखट लागत नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे आपल्या तोंडाची आग होते, कारण सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर त्याची दखल घेणारी यंत्रणा असते. पक्ष्यांच्या शरीरात या यंत्रणेची ठेवण वेगळी आहे आणि तिच्यावर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. यात मिरचीच्या झाडाचाही फायदा आहे. सस्तन प्राणी तिचं बी चावून टाकतात, तर फळं गिळणारे अनेक पक्षी ते अख्खंच दूरवर नेऊन टाकतात. तेव्हा आजींना खुशाल मिरची देऊ द्या. पिकलेली लाल मिळाली तर आणखी चांगलं. फक्त ती धुतलेली आणि कच्ची असावी. तळणातली किंवा लोणच्यातली, म्हणजे तेलामिठाची, मुळीच नको.

मला काळजी वाटते ती सूर्यफुलाची. सोललेल्या सूर्यफुलात वजनाच्या जवळपास निम्मी चरबी असते. बाजरीत ती शेकडा पाचच्या आसपास असते. कॉकटेल मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी. तिथे तो थव्यानं पाण्याच्या आणि गवताच्या मागे भटकतो आणि जमिनीवर चालत बारीक बी टिपतो. ज्वारीचं पीक दिसलं की त्यावरही उतरतो. एवढं उडून मिळवलेलं बी अंगी लागतं. पिंजऱ्यात उडणं नाही, आणि चरबीचं बी मात्र चोवीस तास समोर! अशा पक्ष्यांच्या यकृतात चरबी साठते आणि बाहेरून बरेच दिवस काहीच कळत नाही. शिवाय कोरड्या बियांमध्ये अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फारच कमी असतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाक-घशाचं आतलं अस्तर बिघडतं आणि संसर्ग पटकन होतो.

म्हणून वाटीचा निम्मा भाग चांगल्या पेलेटचा, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांचा, असावा. उरलेल्यात राळे, बाजरी, वरी असं बारीक धान्य आणि रोज ताजा भाजीपाला. किसलेलं गाजर, वाफवलेला लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर हे सगळं मंडईत मिळतं. पालक अधूनमधूनच द्या, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. मोड आलेले मूग, बिनमिठाचा वरणभात, कधी उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा हेही चालेल. फळ थोडंच, आणि सफरचंदाच्या बिया काढूनच. राळ्याचं अख्खं कणीस किंवा फवारणी न केलेल्या ज्वारीचं कोवळं कणीस टांगून पाहा, ती त्यात तासभर रमेल. ओला खाऊ उन्हाळ्यात दोन तासांत उचला. नवं खाणं अंगवळणी पडलं की सूर्यफूल वाटीत ठेवूच नका. हातावर आली, खांद्यावर बसली, की बक्षीस म्हणून एखादं द्या.

तुमची मादी आहे, म्हणून कॅल्शियमबद्दल थोडं जास्त सांगतो. कॉकटेलच्या माद्या नर नसतानाही अंडी घालतात, आणि कॅल्शियम कमी असेल तर अंडं आतच अडकतं. हा जिवावरचा प्रसंग असतो. पिंजऱ्यात समुद्रफेन कायम लावून ठेवा. कॅल्शियम पचायला ड जीवनसत्त्व लागतं आणि त्यासाठी कोवळं ऊन. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. पिंजरा थोडा वेळ उघड्या गॅलरीत ठेवा, अर्धी बाजू सावलीत राहील असा, आणि मांजर-कावळ्यापासून जपून.

अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, दारू आणि खारवलेले पदार्थ पूर्ण वर्ज्य. अव्होकाडोनं तर पक्षी दगावतो.

आता बदल कसा करायचा? हळूहळू, काही आठवडे घेऊन. “भूक लागली की खाईल” असं म्हणून जुनं खाणं एकदम बंद करू नका. हा चिमुकला जीव उपाशी राहू शकत नाही, आणि पेलेट हे खाणं आहे हे त्याला ओळखूच येत नाही. सकाळी भूक असते तेव्हा बियांवर पेलेटचा चुरा भुरभुरा. तिच्यासमोर गाजर तुम्ही स्वतः खा. थव्यातला पक्षी दुसऱ्याचं पाहून खातो, आणि तिचा थवा तुम्हीच आहात.

वाटी वरवर पाहून फसू नका. कॉकटेल बी सोलून गर खातो आणि टरफल वाटीतच टाकतो, त्यामुळे रिकामी वाटीही भरलेली दिसते. रोज टरफलं फुंकून पाहा. या काळात दररोज सकाळी, काही खायच्या आधी, तिला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये तोला. बहुतेक कॉकटेल 80 ते 100 ग्रॅमच्या दरम्यान असतात. तिचं नेहमीचं वजन 90 असेल आणि ते 81वर आलं, तर बदल तिथेच थांबवा, जुनं खाणं द्या आणि त्याच दिवशी पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवा.