फ्रेंच शिकायचं, तर आधी ऐका

प्रश्न : मी गडहिंग्लजला राहते, बी.कॉम. झाले आहे. जवळपास फ्रेंचचा वर्ग नाही. घरी शिकता येईल का? सुरुवात व्याकरणाने करू की गाण्यांनी?

उत्तर : येईल, आणि गाण्यांनीच करा. फ्रेंच लिहितात तशी बोलत नाहीत. शब्दाचं शेवटचं व्यंजन बहुधा मुकं असतं. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला, की बऱ्याचदा तेच ऐकू येऊ लागतं. हे वाचून कळतं, पण जिभेवर बसत नाही. गायक शार्ल अझनावूर यांचे उच्चार स्वच्छ आहेत. त्यांचं एकच गाणं आठवडाभर ऐका, शब्द समोर ठेवून मोठ्याने म्हणा. उच्चार देवनागरीत लिहून ठेवायचा मोह मात्र टाळा.

व्याकरणाची धास्ती नको. नामाला लिंग, त्यानुसार बदलणारं विशेषण, ‘तू’ आणि ‘तुम्ही’तला फरक हे सगळं आपल्या अंगवळणी आहे. नपुंसकलिंग तर तिथे नाहीच. पण चंद्र फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे! म्हणून बाजाराच्या पिशवीतल्या प्रत्येक जिनसाचं नाव, लिंग दाखवणाऱ्या उपपदासकटच पाठ करा.

जरा समजू लागलं, की ‘आरएफआय’ रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र रोज ऐका. दाखला हवा असेल, तर डेल्फ परीक्षेची ए१ ही पहिली पायरी. त्यासाठी पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझकडे चौकशी करा.

आणि एक मनापासून सुचवते. जात्यावरच्या ओव्या जमवणारे गी प्वातव्हाँ यांनी बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ फ्रेंचमध्ये नेलं. पुढेमागे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा.