लागलेले आणि निघालेले : शहापूर-मुरबाड परिसरातील कौटुंबिक आजारकथनांची भाषा

घरातील एखादे माणूस वर्षानुवर्षे आजारी असले म्हणजे त्या घरात हळूहळू एक कहाणी तयार होते. ती कोणी लिहून ठेवीत नाही. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आणि दवाखान्याच्या रांगेत ती सांगितली जाते व प्रत्येक सांगण्यात थोडी अधिक घडत जाते. लोककथा, ओव्या, म्हणी, उखाणे यांच्या संकलनाकडे मराठीच्या अभ्यासकांनी जेवढे लक्ष पुरविले, तेवढे या कथनप्रकाराकडे पुरविलेले दिसत नाही. याचे एक कारण उघड आहे. अशा कहाणीत भगत येतो, उतारा येतो, ‘बाहेरचे’ येते. आणि ते आले की अभ्यासकाच्या हाताशी ‘अंधश्रद्धा’ हा तयार शब्द असतो. शब्द खोटा नाही. मात्र कहाणी तशी का रचली गेली, याचा उलगडा त्याने होत नाही. वैद्यकीय स्पष्टीकरणाविषयीचा अविश्वास हा केवळ माहितीच्या अभावातून येतो की स्पष्टीकरणाच्या भाषेतच त्याचे काही मूळ आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली आणि त्यांच्याबरोबर कुणबी, आगरी अशी येथील वस्ती आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात जो आदिवासी मुलूख उरला, त्याचा मोठा भाग या दोन तालुक्यांत येतो. तानसा, भातसा यांचे पाणी ज्या दिशेने मुंबईस जाते, त्याच दिशेने येथील आजारी माणूसही जातो : उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, शहापूरचे किंवा मुरबाडचे सरकारी रुग्णालय, तेथून उल्हासनगर, ठाणे, कळवा, आणि अखेर मुंबईतील के.ई.एम., जे.जे. किंवा शीव. शहापूरकराला आसनगावहून लोकल मिळते. मुरबाडला रेल्वे नाही, तेव्हा आधी एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. या प्रवासाचे टप्पे हेच बहुतेक कहाण्यांचे कथानक असते. मधल्या टप्प्यांवर भगताचे घर असते आणि पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसे येथील यात्रेत फेडावयाचा नवसही असतो.

या कथनांत प्रथम लक्ष द्यावयाचे ते क्रियापदांकडे. मराठीत आजारी माणूस वाक्याचा कर्ता क्वचितच असतो. त्याला ताप येतो, दम लागतो, त्याचे सांधे धरतात, अंगावरून वारे जाते. आजार हा कर्ता, आणि माणूस बहुधा चतुर्थीत. येणे, लागणे, धरणे, जाणे ही सारी गतिवाचक किंवा स्पर्शवाचक क्रियापदे असून, काहीतरी बाहेरून आले व शरीराला भिडले असे त्यांच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. नजर लागते, भूत लागते, वारे लागते. ‘लागीर’ हे नामही याच धातूचे. भाषेची ही घडण आदिवासींची किंवा अशिक्षितांची नव्हे. शहरातला पदवीधरही ‘मला सर्दी झाली’ याइतक्याच सहजपणे ‘मला ऊन लागले’ म्हणतो.

आधुनिक निदानाबरोबर निराळे क्रियापद रूढ झाले : निघणे. ‘रिपोर्टमध्ये शुगर निघाली’, ‘टीबी निघाला’, ‘सिकल निघाला’. पूर्वी निघत असे तो गोवर. म्हणजे आतला दाह त्वचेवर उमटे आणि सर्वांना दिसे. आता निघते ते कागदावर, आणि जे निघाले ते आधीपासून आत होते असा त्याचा अर्थ होतो. लागलेला आजार बाहेरून येतो, निघालेला आजार आतच असतो. त्याच घरातली तीच माणसे भगतापुढे पहिले क्रियापद वापरतात आणि डॉक्टरापुढे दुसरे; आणि या दोन क्रियापदांमधले अंतर हेच पुष्कळदा अविश्वासाचे खरे स्थान असते.

सिकलसेलच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. विदर्भ व नंदुरबार यांच्याप्रमाणे ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यातही हा आजार आढळतो. आईवडिलांकडून आलेल्या जनुकीय दोषामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. दोष एकाच पालकाकडून आला तर मूल केवळ वाहक होते व सहसा निरोगी राहते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक व वाहक होण्याची चारांत दोन असते. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. विज्ञान येथे कोठेही संदिग्ध नाही.

पण घराला दिसते ते असे. मूल जन्मतः चांगले असते, कारण गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याचे रक्षण करते. सहा महिन्यांच्या आसपास एकाएकी त्याचे हातपाय सुजतात, ते कळवळून रडते. चांगले मूल बिघडले. मध्यंतरी काय घडले, हा प्रश्न मग अपरिहार्यपणे विचारला जातो आणि ‘नजर लागली’ हे त्याचे उत्तर निरीक्षणाशी सुसंगतच ठरते. पुढे वेदनेचे झटके येतात व जातात. थंडी, भिजणे, अंगमेहनत, शरीरातले पाणी कमी होणे ही त्यांची निमित्ते. म्हणजे भर आवणीत चिखलात उभ्या असलेल्या पोराला तो झटका यावयाचा. दोन झटक्यांमध्ये माणूस हिंडता-फिरता असतो. येणारे, धरणारे आणि सोडून जाणारे असे या दुखण्याचे वेळापत्रक ‘बाहेरच्या’ बाधेशी जितके जुळते, तितके रक्तात कायम असलेल्या दोषाशी जुळत नाही. पेशी फुटल्यामुळे डोळे पिवळे होतात. मग कावीळ म्हणून हात चुन्याच्या पाण्याने धुतले जातात किंवा गळ्यात माळ घातली जाते. काही दिवसांनी पिवळेपणा आपोआप उतरतो आणि माळेला यश मिळते. दवाखान्यात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मिळतात. रक्त त्यांनी वाढत नाही. दोन्हीकडे चूकच होते, परंतु एका चुकीला गुण आल्याचा पुरावा मिळतो आणि दुसरीला मिळत नाही.

‘गुण येणे’, ‘औषध लागू पडणे’ हे शब्दप्रयोगही येथे विचारात घ्यावे लागतील. लागू पडलेले औषध म्हणजे ज्याने दुखणे संपले ते. जे आयुष्यभर घ्यावयाचे, ते लागू पडले असे कोणत्या दिवशी म्हणावे? हायड्रॉक्सीयुरियाने झटके कमी होतात, आयुष्य वाढते. पण ‘कमी होणे’ हा लाभ दिसण्यासाठी न आलेल्या झटक्यांची मोजदाद करावी लागते. न घडलेल्या गोष्टींची कहाणी सांगता येत नाही. मधुमेह, रक्तदाब, फेफरे यांच्या गोळ्या मध्येच सोडल्या जातात, त्यामागे हीच अडचण असते, आणि ती एकट्या शहापूर-मुरबाडची नाही.

सर्वांत कठीण गाठ मात्र पुढेच आहे. ‘बाहेरचे’ या शब्दाने आजार घराबाहेर ठेवला जातो. कारण शेजारी असते, वेशीवर असते, झाडावर असते. घर एकत्र राहते आणि एकत्र येऊन उतारा टाकते. ‘तुमच्या रक्तातच आहे’ या वाक्याने कारण घरात येते आणि घरात आल्याबरोबर ते कोणाचे तरी होते. शास्त्र म्हणते, दोघांचे, आणि समसमान. घर मात्र तसे ऐकत नाही. सून बाहेरून आलेली असते, तेव्हा दोष तिच्या माहेरचा ठरतो. ज्या मूळ शब्दाने घर वाचत होते, तोच ‘बाहेरची’ असा स्त्रीलिंगी होऊन तिच्यावर येतो. अशा वेळी आईनेच रिपोर्टवर अविश्वास दाखवावा आणि भगताकडे जाण्याचा आग्रह धरावा, यात अज्ञानापेक्षा आत्मरक्षण अधिक आहे. भगत सुपातले तांदूळ पाहून जे सांगतो त्यात तिचे माहेर नसते. समुपदेशकाने नीट समजावलेले अनुवंशाचे गणित घरी पोहोचेपर्यंत एका बाईवरचा आरोप कसे होते, हे समजून घेतल्याशिवाय १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतील तपासणी घरोघर काय घडविते, ते कळणार नाही.

याचा अर्थ ‘बाहेरचे’ हे स्पष्टीकरण निरुपद्रवी आहे असा मुळीच नव्हे. घर वाचते त्याची किंमत घराबाहेरच्या कोणाला तरी द्यावी लागते, आणि ती देणारीही बहुधा एखादी स्त्रीच असते : भुताळी ठरविली गेलेली विधवा, भावकीशी जमिनीचा वाद असलेली म्हातारी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीवर करणीचा आरोप करून तिला छळणे हा त्याने गुन्हा ठरविला. त्याच कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू यांच्या दंशानंतर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करण्यालाही बंदी आहे. दंशाला क्षण असतो, आणि म्हणून रोखण्यालाही क्षण असतो. वीस वर्षांच्या दुखण्यात कोण कोणाला केव्हा रोखते, हे सांगता येणे कठीण. तेथे घर दोन्हीकडे जाते. सकाळी सुई, संध्याकाळी अंगारा. शिवाय ‘मांत्रिक’ या प्रमाण मराठी शब्दात ‘भगत’ पुरता मावतही नाही. तो झाडपाला देतो, देवाचे करतो आणि मुख्य म्हणजे विचारतो : घरात कोण कोण, भांडण कोणाशी, कोणाचा नवस राहिला. ओ.पी.डी.त मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत हे प्रश्न बसत नाहीत.

इव्हान्स-प्रिचर्ड यांनी सुदानमधील अझांदे लोकांवरील १९३७ च्या ग्रंथात कोसळणाऱ्या कोठाराचे उदाहरण दिले आहे. खांब वाळवीने पोखरले होते, हे अझांदेंना ठाऊक असते; त्यांचा प्रश्न असतो तो, नेमकी हीच माणसे नेमक्या याच वेळी त्याखाली का बसली होती? ‘कसे’ आणि ‘का’ यांतला हा भेद येथेही लागू पडतो. रक्तात दोष आहे हे पुष्कळ घरे मान्य करतात. चारांतले एक मूल आपलेच का, याला मात्र डॉक्टरपाशी ‘योगायोग’ हाच शब्द आहे, आणि योगायोगाला कथानक नसते. वास्तविक आपल्या जुन्या वैद्यकाने रोगांना कथा दिल्या होत्या. राजयक्ष्म्यामागे रोहिणीवरच आसक्त झालेला चंद्र आणि दक्षाचा शाप उभा आहे. साथीच्या रोगाला येथे देवीचेच नाव होते आणि लस टोचणारा सरकारी माणूसही ‘देवीडॉक्टर’ म्हणून ओळखला गेला. १९७५ साली भारतातून तो रोग गेला तरी भाषेने केलेली ती तडजोड विसरण्याजोगी नाही. सिकलला मराठीत अद्याप तसे नाव मिळालेले नाही.

कारणाची ही भूक सुशिक्षित घरांतही तितकीच आहे, हे ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) वाचणाऱ्यास सांगावयास नको. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे सोवळ्या-ओवळ्याचे वेड साऱ्या घराला वर्षानुवर्षे सोसावे लागले. लक्ष्मीबाई त्याला रोगाचे नाव देत बसत नाहीत. सत्तावनच्या धामधुमीत आजोबांना झालेल्या फाशीपासून त्या सांगू लागतात. नाव न देता आरंभ देणे, ही कौटुंबिक आजारकथनाची जुनी रीत त्यांनी पुस्तकात आणली. कविता महाजन यांच्या ‘भिन्न’ (२००७) या कादंबरीत ती मोडते. तेथे एच.आय.व्ही.चे निदान हेच घराचे दुभंगणे आहे. विषाणू घरात कोणी आणला, हा प्रश्न रिपोर्टाबरोबरच येतो आणि त्याचे ओझे स्त्रीच्या वाट्याला येते. सिकल व एच.आय.व्ही. यांचे वैद्यकीय स्वरूप सर्वस्वी भिन्न. घरातली त्यांची गती मात्र विलक्षण सारखी.

राहता राहिला केसपेपर. तो इंग्रजीत लिहिला जातो, आणि ज्याच्याविषयी लिहिला त्याच्या घरात तो बहुधा कोणी वाचू शकत नाही. तरी प्लॅस्टिकच्या पिशवीत तो जपून ठेवलेला असतो. रुग्णालय बदलले की नवा केसपेपर निघतो आणि कहाणी पुन्हा मुळापासून सांगावी लागते. डॉक्टरपुढे भगत गाळला जातो; भगतापुढे रिपोर्ट गाळला जातो. ही काटछाट करते ती बहुतेक वेळा आई, कारण मुलाबरोबर तीच आलेली असते. ‘पहिल्यापासून सांगा’ असे तिला म्हटले जाते, आणि पहिले कशाला म्हणावयाचे हे तिला तेथे रांगेच्या तोंडाशी ठरवावे लागते : मूल सहा महिन्यांचे असताना घरी कोण आले होते तेथपासून, की स्वतःच्या माहेरापासून.