संघातील जागा

प्रस्तावना

जबलपूर शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, नर्मदेच्या काठी, भेडाघाट हे प्रसिद्ध स्थळ आहे. संगमरवराचे उंच कडे, धुआंधार धबधबा आणि चौसष्ट योगिनींचे मंदिर पाहण्यासाठी येथे दूरदूरहून पर्यटक येतात. या सौंदर्याला एक वेगळी बाजूही आहे. पर्यटकांकडून मिळणाऱ्या पैशांसाठी कड्यावरून नदीच्या पात्रात उड्या घेणारी मुले येथे अनेकांनी पाहिली आहेत. पाहणाऱ्याला ते धाडस वाटते; मुलाच्या दृष्टीने ती कमाई असते. पर्यटनस्थळे, रेल्वे स्थानके, बाजारपेठा अशा ठिकाणी लहान वयात हाती पडणारा रोख पैसा मुलाला हळूहळू शाळेपासून दूर नेतो. अशा मुलाला केवळ उपदेश पुरत नाही. त्याच्या अंगच्या धाडसाला आणि चपळाईला दुसरी वाट मिळावी लागते. खेळाचा संघ ही वाट कशी देऊ शकतो, हे या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले कोण, हे सांगता येईल;
• नागपूर येथील फुटबॉलच्या प्रयोगाची माहिती देता येईल;
• सायकल संघाचे वैशिष्ट्य स्पष्ट करता येईल;
• अशा संघाचे यश कशावरून ठरवावे, याविषयी मत मांडता येईल.

१. कोणती मुले?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक होय. ज्याला घर वा निर्वाहाचे साधन नाही, जे रस्त्यावर राहते, भीक मागते किंवा कामगार कायद्यांचे उल्लंघन करून ज्याला कामाला लावले जाते, अशा बालकाला हा कायदा ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ मानतो. त्याच्यासाठी जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. संकटातील मुलासाठी १०९८ या क्रमांकावर कोणालाही दूरध्वनी करता येतो.

कायदा संरक्षणाची व्यवस्था उभी करतो. परंतु मुलाची रोजची संध्याकाळ कशी जाते, यावरही त्याचे भवितव्य अवलंबून असते. कोणी वाट पाहणारे नसेल, तर ती संध्याकाळ व्यसन, जुगार वा वाईट संगत व्यापून टाकते.

२. नागपूरचा प्रयोग

भेडाघाटच्या दक्षिणेस असलेल्या नागपूर शहरात याच प्रश्नावर एका शिक्षकाने उत्तर शोधले. विजय बारसे हे हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतील काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. खेळात रमलेली ही मुले तेवढा वेळ तरी व्यसनांपासून दूर आहेत, हे त्यांनी हेरले. त्यांनी मुलांना चेंडू दिला आणि पुढे वस्त्यावस्त्यांतील संघांच्या स्पर्धा भरवल्या. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ हे कार्य उभे राहिले.

फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. म्हणूनच तो वस्तीत सहज रुजला. या प्रयोगाचे महत्त्व मात्र सामन्यांपुरते नाही. येथे खेळातून गणित व आरोग्याचे धडे दिले जातात. मुलींनाही मैदानावर आणले जाते. संघात घडलेले काही खेळाडू पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. काल ज्याला कोणी विचारत नव्हते, त्याचीच आज दहा मुले वाट पाहतात. २००३ साली सुरू झालेल्या बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत या कार्यातून घडलेले खेळाडू पुढे भारताकडून खेळले. २०१६ साली ‘फिफा’ने या संस्थेला विविधता पुरस्कार दिला. २०२२ साली प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट बारसे यांच्या कार्यावर आधारलेला आहे.

३. सायकलचा संघ

फुटबॉलचे हे तत्त्व सायकललाही लागू पडते. सायकल गावाकडील मुलांच्या ओळखीची असते. बिहार राज्याने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना आखली. त्यानंतर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. सायकल मुलाला शाळेपर्यंत नेते; ते पोहोचले की नाही, हे संघ विचारतो. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनजवळच्या खायेलित्शा या गरीब वस्तीत ‘वेलोखाया’ ही अकादमी शाळेनंतरच्या वेळेत मुलांना सायकलचे प्रशिक्षण देते.

सायकलस्वार एकामागून एक चालतात, तेव्हा पुढचा वारा अंगावर घेतो. मागच्याचे श्रम सुमारे पाव हिश्श्याने, कधी त्याहूनही अधिक कमी होतात. म्हणून प्रत्येकाने पाळीपाळीने पुढे यायचे असते. पुढच्याने हात करून खड्डा दाखवायचा आणि मागच्याने त्यावर विश्वास ठेवायचा. ज्या मुलाला कोणावर विसंबण्याची सवयच उरलेली नाही, त्याला हा धडा व्याख्यानाने देता येत नाही.

सायकल हातालाही काम देते. पंक्चर काढणे, चेन बसवणे, ब्रेक घट्ट करणे ही कामे शिकताना मुलाच्या हाती कसब येते.

४. यशाची कसोटी

असा संघ चालवताना काही पथ्ये पाळावी लागतात. सायकल महाग असते आणि ती मोडली की गरीब घरातील मूल येणे थांबवते. म्हणून सायकली संघाच्या मालकीच्या असाव्यात. हेल्मेट व वाहतुकीचे नियम यांत सवलत नसावी. पालकांची संमती घ्यावी, आणि मुलांसोबत राहणाऱ्या प्रौढांची पारख करूनच निवड करावी.

सर्वांत मोठा धोका चषकाच्या मोहाचा असतो. जिंकणारी चारच मुले ठेवून उरलेल्यांना वगळले, तर ज्यांच्यासाठी संघ काढला, तीच मुले पुन्हा बाहेर पडतात. संघातील जागा हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे. आधी जागा मिळते, मग ती टिकवण्यासाठी मूल शिस्त स्वीकारते. म्हणून सलग दोन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी कोणी गेले का, हा प्रश्न किती शर्यती जिंकल्या यापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

पाठगत प्रश्न

१. विजय बारसे यांनी पावसात काय पाहिले?
२. सायकलस्वार पाळीपाळीने पुढे का येतात?
३. योग्य पर्याय निवडा : संघातील सायकली (अ) मुलांच्या (आ) संघाच्या (इ) पालकांच्या मालकीच्या असाव्यात.

आपण काय शिकलात

• रोख कमाईमुळे मुले शाळेपासून दूर जातात.
• संघ मुलाला ठरलेली वेळ, सोबती आणि वाट पाहणारा प्रौढ देतो.
• संघाचे यश चषकांवरून नव्हे, तर टिकून राहिलेल्या मुलांवरून ओळखावे.

स्वाध्याय

१. ‘आधी जागा, मग शिस्त’ या विचाराशी तुम्ही सहमत आहात का? सकारण लिहा.
२. तुमच्या परिसरात शाळेबाहेर असलेल्या मुलांसाठी कोणता खेळ योग्य ठरेल? जागा, वेळ व खर्च यांचा विचार करून दहा ओळी लिहा.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : विश्वास, सहज, मोकळी, गरीब.