गांवाचा पहारा कोणाचा?

“बंदोबस्त हें पोलिसांचें काम, त्यांत आपण कशाला पडावें?” असें म्हणणारे लोक पुष्कळ भेटतात. आपल्या खानदेशचा इतिहास मात्र निराळें सांगतो.

पूर्वीं गांवच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर असे व जागल्या रात्रीं पहारा करी. इ. स. १८१८ त इंग्रजी अंमल आल्यावर डोंगराळ मुलुखांत भिल्लांचे उठाव झाले. केवळ फौजेच्या बळानें ते शमेनात. तेव्हां १८२५ सालीं औट्रम नांवाच्या अधिकाऱ्यानें भिल्लांचीच पलटण उभारली. तिचें ठाणें धरणगांवीं होतें. ज्यांचा पाठलाग होत असे, त्यांच्याच हातीं मुलुखाची राखण आली! पुढें १८६७ च्या कायद्यानें गांवपोलिसाचें काम बांधून दिलें, आणि आज १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाप्रमाणें पोलीस पाटील नेमिले जातात. परंतु पाटील एकटा. त्याचे डोळे व कान म्हणजे आपणच.

मात्र साह्य करतांना एक मर्यादा पाळावी लागते. ती सुटली म्हणजे केवढा अनर्थ होतो, हें धुळें जिल्ह्यानें पाहिलें आहे. १ जुलै २०१८, रविवारचा दिवस. साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें सोलापूर जिल्ह्यांतून आलेल्या पांच जणांस ‘मुलें पळविणारे’ समजून जमावानें ठार मारिलें. ते होते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. मोबाइलवरून पसरलेली ती निव्वळ अफवा होती. मुलांच्या काळजीनें पेटलेल्या जमावास शहानिशा करण्याइतका धीर राहिला नाहीं.

हें ऐकून आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें विचारिलें, “गुरुजी, मग डोळ्यांदेखत गुन्हा घडला, तरी गुन्हेगारास धरूं नये काय?” प्रश्न योग्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४० व्या कलमाप्रमाणें आपल्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास सामान्य नागरिकही धरूं शकतो. परंतु विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आंत, त्यास पोलिसांच्या स्वाधीन केलें पाहिजे. धरण्याची मुभा आहे, मारण्याची नाहीं. केवळ संशय असेल, तर कळविणें एवढेंच आपलें काम.

म्हणून संशयास्पद कांहीं दिसल्यास ११२ या क्रमांकावर किंवा पोलीस पाटलास कळवावें. वेळ, ठिकाण व वाहनाचा क्रमांक टिपून ठेवावा. खात्री नसलेला संदेश पुढें धाडूं नये. आणि साक्ष देण्याचा प्रसंग आला, तर पाहिलें तेवढेंच, पण निर्भयपणें सांगावें.

पालकहो, हा धडा घरींही गिरविला जावा. दारीं अनोळखी मनुष्य आला असतां आपण कसे वागतों, तेंच मुलें शिकतात. जागें राहणें हें नागरिकाचें कर्तव्य. न्याय करणें हें न्यायालयाचें.