दगडी झालेल्या गायीचे दूध प्रयोगशाळेत

लघवीच्या 'कल्चर'चा रिपोर्ट अनेक वाचकांनी पाहिला असेल. औषधांची नावे एकाखाली एक, आणि पुढे 'एस' किंवा 'आर'. हीच तपासणी गाई-म्हशींच्या दुधाचीही होते, हे माझ्याकडे येणाऱ्या फार थोड्या दूध उत्पादकांना माहीत असते. मी माणसांचा डॉक्टर. जनावरांवर उपचार पशुवैद्यकांनीच करावेत. पण ते दूध माझे रुग्ण पितात, म्हणून हा विषय.

कास सुजते, कडक होते, दुधात गाठी येतात. हा कासदाह, म्हणजेच दगडी. तो बहुधा स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस वा ई. कोलाय या जंतूंमुळे होतो. नुसत्या डोळ्यांनी जंतू ओळखता येत नाही. मग शेजाऱ्याच्या गायीला लागू पडलेले इंजेक्शन आणले जाते!

प्रयोगशाळेत दुधातील जंतू आधी वाढवतात. ते जेलीसारख्या माध्यमावर पसरून वर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या 6 मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात. बशी सुमारे 35 अंश सेल्सिअसला 16 ते 18 तास ठेवली की, जे औषध चालते त्याच्या चकतीभोवती जंतूविरहित वर्तुळ दिसते. सर्वांत मोठे वर्तुळ ते सर्वांत चांगले औषध, असे मात्र नाही. प्रत्येक औषधाचे माप वेगळे असते; ते तक्त्याशी ताडून पाहतात. शिवाय स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेतील पेशींत दडून बसतो, त्यामुळे बशीत हरलेला जंतू कासेत हरेलच असे नाही.

खरी गोम नमुना घेण्यात आहे. तो प्रतिजैविक देण्याआधी घ्यावा. सड धुऊन कोरडा करावा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्याव्यात आणि मग दूध निर्जंतुक बाटलीत घ्यावे. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. जनावर तापाने फणफणले असेल तर पशुवैद्यक तोवर थांबत नाहीत. उपचार सुरू करून रिपोर्ट पाहून औषध बदलतात.

उपचार चालू असताना, आणि नंतर वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत, ते दूध डेअरीला घालू नये. उकळल्याने प्रतिजैविक पूर्ण नाहीसे होत नाही. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवलेले अखेरचे औषध. दुभत्या व मांसाच्या जनावरांसाठी त्यावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली.

नमुन्यासोबत गायीचे वेत कितवे, कोणता सड आणि आधी कोणती औषधे दिली, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.