मताचा निर्णय : ओळख, माहिती आणि गुप्तता

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात रिसोड, वाशिम व कारंजा हे तीन विधानसभा मतदारसंघ आहेत. लोकसभेसाठी रिसोडचा मतदार अकोला मतदारसंघात, तर इतर दोन ठिकाणचा मतदार यवतमाळ-वाशिम मतदारसंघात मत देतो.

निवडणुकीचा स्तर बदलला की निवडीचे निकषही बदलतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षचिन्ह नसते आणि उमेदवार गावातलाच असतो. तेथे भावकी, शेजार आणि पाण्याच्या योजनेचे झालेले वा रखडलेले काम यांचा विचार होतो. लोकसभेचा उमेदवार मात्र फार थोड्यांच्या परिचयाचा असतो. मग पक्ष, नेतृत्व, जात, सोयाबीन-कापसाचे भाव व वडीलधाऱ्यांचा सल्ला यांवर मत ठरू लागते.

परिचयाची ही उणीव माहितीने भरून निघू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता, देणी व फौजदारी प्रकरणे यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. ती मतदारास पाहता येते. एकही उमेदवार पसंत नसल्यास २०१३ पासून ‘नोटा’ची सोय आहे.

परंतु दडपणाखाली माहितीही निरुपयोगी ठरते. म्हणूनच कायद्याने मतदान गुप्त ठेवले आहे. मतपडताळणी यंत्रातील चिठ्ठी सात सेकंद दिसून बंद पेटीत पडते. ती पुरावा म्हणून कोणालाही दाखविता येत नाही. घरात चर्चा सर्वांनी मिळून करावी. यंत्रावरील बटण मात्र प्रत्येकाने स्वतःच्या विचाराने दाबावे.