आजीचा दमा आणि नातवाचा दमा



मागे एका शुक्रवारी जलीबवर ‘तोझ’ आला होता, ते आठवत असेल. समोरची इमारत दिसेनाशी झाली आणि दाराखाली ओला टॉवेल सारून आपण तास घेतला. त्या दिवशी वर्गातल्या एका मुलाला धाप लागली. त्याच्या दप्तरात निळा पंप होता, पण सगळ्यांसमोर घ्यायची लाज वाटली म्हणून तो बाथरूममध्ये जाऊन घेऊन आला. तास सुटल्यावर हळूच विचारतो, “बाई, मी मोठा झालो की आजीसारखा होणार का?”

त्याची आजी सातारा जिल्ह्यातून व्हिजिटवर आली आहे. दोन जिने चढायला तिला चार वेळा थांबावे लागते. घरात दोघांच्या आजाराला एकच नाव : दमा. पंप तरी वेगळे असतील असे वाटले होते. तेवढ्यात आई म्हणाली, “मागच्या महिन्यात त्याचा संपला होता, तेव्हा आजींचाच दिला.” मी दचकले. हा पाठ त्यामुळेच लिहिते आहे. (घरच्यांना विचारून लिहिते आहे, नाव सांगणार नाही.)

आधी शब्द पाहू. ‘दमा’ फारसीतून आला. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. आपल्याला दम लागतो, आपण दम खातो, सुट्टीला गावी जायचे म्हटले की कुणाला दम निघत नाही. इथल्या दवाखान्यात मात्र जपून बोला, कारण अरबीत ‘दम’ म्हणजे रक्त! अरबीत दम्याला ‘रब्व’ म्हणतात. गावाकडे धाप लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आजाराला दमाच म्हणायची पद्धत आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

श्वासनलिका छातीत शिरल्यावर तिला झाडासारख्या फांद्या फुटतात. फांद्यांच्या डहाळ्या होतात आणि डहाळ्यांच्या टोकाला इवले इवले फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात.

नातवाच्या दम्यात बिघाड नळ्यांमध्ये असतो. त्यांचे अस्तर सुजलेले आणि चिडखोर असते. धूळ, परागकण, सर्दी, थंड हवा, कधी बखुराचा धूर, असे काही लागले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजते. औषध मिळाले की स्नायू सैल पडतात आणि नळी पुन्हा मोकळी होते. सकाळी धापा टाकणारा मुलगा संध्याकाळी फुटबॉल खेळताना दिसतो तो यामुळेच. दमा बहुधा लहानपणी सुरू होतो, पण मोठेपणीही होऊ शकतो.

आजीच्या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. वर्षानुवर्षे धूर छातीत गेल्याने नळ्या जाड आणि अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती फाटतात. चड्डीचे जुने इलॅस्टिक कसे ताणले की ताणलेलेच राहते, तसे फुप्फुस ढिले पडते. आत घेतलेली हवा पुरती बाहेर येत नाही. औषधाने आराम पडतो, पण फाटलेले पुन्हा सांधत नाही. हा आजार बहुतेक चाळिशीनंतर दिसतो आणि हळूहळू वाढतो.

“पण आजींनी कधी विडी ओढली नाही हो!” असे आई म्हणाली. डॉक्टरांनी सिगारेटबद्दल विचारले तेव्हा आजींना फार वाईट वाटले होते. खरे तर त्यात लाजण्यासारखे काहीच नाही. पुण्याजवळच्या २२ खेड्यांत पाहणी झाली होती, तिचा उल्लेख २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सीओपीडी असलेल्यांपैकी सुमारे ९३ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. गोवऱ्या, तुरकाट्या आणि काटक्यांच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या बायकांचा श्वास धुरात जातो. या आजींनी चाळीस वर्षे तशाच भाकऱ्या थापल्या. इथल्या कॅफेतला शिशा ‘पाण्यातून येतो म्हणून निरुपद्रवी’ म्हणणाऱ्या बाबा लोकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

दोन्हींतला फरक कळायला एक साधी तपासणी आहे, स्पायरोमेट्री. नळीत जोराने फुंकायचे, मग पंप घ्यायचा आणि पुन्हा फुंकायचे. दुसऱ्या वेळी आकडा चांगला वाढला तर दम्याची शक्यता जास्त. पंपानंतरही पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा बाहेर पडली तर सीओपीडीचा संशय. काही जणांना दोन्ही असतात, त्यामुळे निदान डॉक्टरांनीच करावे.

आता पंप. दम्याचे मुख्य औषध म्हणजे सूज कमी करणारे स्टिरॉइड, तेही श्वासातून आणि अगदी थोडे. ‘स्टिरॉइड’ शब्दाला घाबरून ते बंद करणारे पालक मी पाहिले आहेत. निळा पंप नळी मोकळी करतो, सूज मात्र तशीच राहते. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात की मोठ्या मुलांनी व प्रौढांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये. सीओपीडीत नळी बराच वेळ मोकळी ठेवणारी औषधे मुख्य असतात. तसले औषध स्टिरॉइडशिवाय एकटेच दमेकऱ्याने नियमित घेतले तर धोका वाढतो. म्हणून आजीचा पंप आजीचा आणि नातवाचा नातवाचा. संपत आला की आधीच आणून ठेवा.

कुवेतमध्ये आणखी एक लक्षात ठेवायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या चाकवताच्या कुळातल्या वाळवंटी झुडपांचे परागकण हवेत असतात. १ डिसेंबर २०१६ ला इथे वादळी पाऊस झाला, त्यानंतर दम्याचे असंख्य रुग्ण एकाच वेळी इस्पितळांत धावले आणि काहींचे प्राणही गेले. ओठ निळसर दिसले, वाक्य पुरे बोलता येईना किंवा पंपाने उतार पडेना, तर ११२ ला फोन करा. “सकाळी बघू” म्हणू नका.

त्या मुलाला मी काय सांगितले? “नाही रे, तुझा आजार आजीचा आजार नाही. औषध रोज घे, सिगारेट-शिशाला हात लावू नकोस. आणि पुढच्या वेळी पंप माझ्यासमोर, बाकावर बसूनच घ्यायचा.”

स्वाध्याय
१. वाक्यात उपयोग करा : दम लागणे, दम खाणे, दम न निघणे.
२. घरातले सगळे पंप एका जागी ठेवा. कोणता कुणाचा, हे आईबाबांना विचारून त्यावर मराठीत नाव लिहा.
३. आजीला किंवा आईला विचारा : लहानपणी चुलीत काय जाळायचे? धूर कुठून बाहेर जायचा? दहा ओळी लिहून पुढच्या शुक्रवारी आणा.